ब्रिटनी : शाळेने नेलेली भाषा शाळा परत आणील का?

फ्रान्सच्या प्रांतांची ओळख करून घेताना आज आपण देशाच्या पार पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरात घुसलेल्या ब्रिटनीत जाणार आहोत. ब्रिटनी म्हटलं की खडकाळ किनारा, ग्रॅनाइटची चर्च आणि कुट्टूच्या पिठाची, आपल्या घावनासारखी दिसणारी गालेत हे सगळं पटकन आठवतं. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. दहा लाखांहून अधिक लोक बोलत होते अशी इथली ब्रेटन भाषा दोन-तीन पिढ्यांत इतकी कशी ओसरली?

आधी एक गैरसमज दूर करू. ब्रेटन ही फ्रेंचची बोली नाही. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास आजच्या वेल्स, कॉर्नवॉल, डेव्हन या भागांतून लोक समुद्र ओलांडून इकडे आले आणि त्यांनी आपली केल्टिक भाषा सोबत आणली. म्हणून ब्रेटनचं जवळचं नातं वेल्शशी आहे. समुद्राला दोन्हीकडे ‘मोर’ म्हणतात, घराला ‘ती’. इथल्या एका जिल्ह्याचं नाव मोर्बिआँ. त्याचा ब्रेटन अर्थ ‘छोटा समुद्र’. मात्र हेही लक्षात ठेवू या, की अलीकडच्या शतकांत ब्रेटन प्रामुख्याने पश्चिम भागातच बोलली जात होती. पूर्वेला, रेनच्या बाजूला, गालो ही फ्रेंचची भावंडं शोभेल अशी भाषा होती.

राजकीय इतिहास थोडक्यात पाहू. ब्रिटनी हे ड्यूकांचं स्वतंत्र राज्य होतं. शेवटच्या काळात गादीवर असलेल्या अ‍ॅन या डचेसने आधी आठव्या चार्ल्सशी, मग बाराव्या लुईशी, म्हणजे फ्रान्सच्या लागोपाठच्या दोन राजांशी लग्न केलं. १५३२ मध्ये ब्रिटनी रीतसर फ्रान्सला जोडली गेली. तरी करांविषयीचे आणि न्यायदानाचे बरेच हक्क प्रांताकडे राहिले. राजाला प्रजेच्या घरातल्या भाषेशी फारसं देणंघेणं नव्हतं.

ते बदललं क्रांतीनंतर. प्रांताचे हक्क गेले, त्याचे पाच जिल्हे झाले. नागरिक सगळे समान, तर त्यांची भाषाही एकच हवी, असा विचार पुढे आला. १७९४ मध्ये ग्रेग्वार या धर्मगुरू-लोकप्रतिनिधीने प्रादेशिक बोली नाहीशा करून फ्रेंच सर्वत्र न्यावी, असा अहवालच मांडला. गंमत बघा, विचार समतेचा होता; पण त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही.

तो प्रत्यक्षात उतरवला शाळेने. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. ब्रिटनीतल्या अनेक शाळांत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवत, बहुधा लाकडी बूट. तिला ‘सिंबोल’ किंवा ‘गाय’ म्हणत. ती उतरवायची असेल, तर ब्रेटन बोलणारा दुसरा मुलगा पकडून द्यायचा. दिवस संपताना ती ज्याच्या गळ्यात, त्याला शिक्षा. म्हणजे पहारा मास्तरांना ठेवावा लागत नव्हता. मुलंच एकमेकांवर ठेवत होती. पिएर-जाकेझ एलियास यांनी १९७५ च्या ‘अभिमानाचा घोडा’ या अर्थाच्या नावाच्या आत्मकथनात ही प्रथा सांगितली आहे.

पण नुसत्या शिक्षेने भाषा जात नाही. या शाळांतून गेलेल्या कित्येकांच्या घरी पुढेही ब्रेटन चालूच होती. खरा तुटवडा पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. रेल्वे, लष्करी सेवा, पॅरिसमधली नोकरी, सगळीकडे फ्रेंच लागत होती. मग आईबाप आपसांत ब्रेटन बोलत आणि मुलांशी फ्रेंच. त्यांना दोष द्यायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या वाट्याला आलेली लाज मुलाला नको, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण हजारो घरांनी तोच हिशेब केला आणि साखळी तुटली. १९५० च्या आसपास दहा लाखांवर असलेले भाषक २०१८ च्या पाहणीत सुमारे दोन लाख उरले, आणि २०२४ च्या पाहणीत सुमारे १ लाख ७ हजार.

आता दुसरी बाजू. १९७७ मध्ये ब्रेस्टजवळच्या एका गावात काही पालकांनी ब्रेटन माध्यमाची पहिली ‘दिवान’ शाळा काढली. दिवान म्हणजे अंकुर. इथे मूल लहानपणापासून सगळे विषय प्रामुख्याने ब्रेटनमधून शिकतं. एप्रिल २०२१ मध्ये संसदेने सरकारी शाळांतही या पद्धतीला मुभा देणारी तरतूद संमत केली. मे महिन्यात घटना परिषदेने ती रद्द केली. आधार कोणता? तर प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे, हे १९९२ मध्ये घटनेत घातलेलं वाक्य. दिवानच्या शाळा चालू आहेत, पण त्यांच्या पायाखालची जमीन अशी हलत असते.

मग शाळेने नेलेली भाषा शाळा परत आणील का? आमच्या मते अर्धीच. शाळा भाषा शिकवील, तिची लाजही घालवील, आणि ते थोडं नाही. पण शाळेत ब्रेटन शिकलेलं मूल मोठं होऊन आपल्या बाळाशी कोणत्या भाषेत बोलेल, हे शाळेला ठरवता येत नाही. तो निर्णय पुन्हा घरातच होणार आहे. इथे थांबू, आता तुमचे प्रश्न घेऊ या.