काट्यावर १२.४५, कम्प्युटरवर २.४५! सिरीयल पोर्टचा हा घोळ होतो कसा?

दूध संकलन केंद्रावर सकाळी रांग लागलेली असते. कॅन काट्यावर ठेवला, आकडा कम्प्युटरवर उमटला, पावती निघाली, पुढचा नंबर! जिथे काटा कम्प्युटरला जोडलेला असतो, तिथे हा आकडा कुणी टाइप करत नाही. काट्याच्या मागून निघालेली वायर तो सांगते. ही वायर बऱ्याचदा सिरीयल पोर्टची असते आणि पलीकडे आकडा वाचायला पायथनमधली पाच-सात ओळींची स्क्रिप्टही पुरते.

पण याच ओळी घाईत लिहिल्या, तर काट्यावर १२.४५ किलो दिसत असताना नोंद २.४५ ची होऊ शकते. दहा किलो दूध गायब, आणि काटा, वायर, कम्प्युटर सगळं ठणठणीत!

सिरीयल पोर्टचं ‘आरएस-२३२’ हे मानक १९६० सालचं. १९९६ मध्ये यूएसबी आलं आणि घरच्या कम्प्युटरवरून नऊ पिनांचा जुना पोर्ट हळूहळू दिसेनासा झाला. वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणं, कारखान्यातली यंत्रं यांनी मात्र त्याला सोडलं नाही. कारण साधं आहे. पाठवायला एक तार, ऐकायला एक आणि ग्राउंडची एक, एवढ्यावर काम भागतं. आता मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावला जातो, इतकाच फरक.

या तारांमधून दोन्ही बाजूंना एकच घड्याळ मिळत नाही, म्हणून वेग आधीच ठरवावा लागतो. सेकंदाला ९६०० बिट हा नेहमीचा वेग. एका अक्षराचे ८ बिट, त्याला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. स्क्रिप्टमध्ये वेग चुकीचा टाकला तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं येतात. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच दिसते. वाईट चूक ती, जी खऱ्या आकड्यासारखी दिसते.

अनेक काटे न थांबता बोलत असतात. सेकंदाला कितीतरी वेळा वजनाची एक ओळ, मग पुढची ओळ, मग पुढची. कम्प्युटरसाठी मात्र हा अक्षरांचा सलग प्रवाह आहे, नळाच्या पाण्यासारखा. स्क्रिप्टने पोर्ट नेमका ओळीच्या मध्यावर उघडला, तर ‘१२.४५’ मधला ‘१’ आधीच निघून गेलेला असतो. हाती लागतं ‘२.४५ किलो’. दिसायला अगदी व्यवस्थित! काही यंत्रं चूक पकडण्यासाठी प्रत्येक अक्षरासोबत ‘पॅरिटी’ बिट पाठवतात, पण ती एका अक्षरातला बिघाड ओळखते. अक्षर हातात आलंच नाही, याचा तिला पत्ता नसतो.

पायथनच्या ‘पायसिरीयल’ या लायब्ररीत ओळ संपेपर्यंत वाचणारी सोय आहे. तिथेही एक गंमत आहे. टाइमआउट दिला नाही, तर काटा बंद असताना स्क्रिप्ट कायमची वाट पाहत बसते. टाइमआउट दिला, तर वेळ संपताच जेवढं आलं तेवढंच, अर्धवटही, परत मिळतं. म्हणून पहिली ओळ टाकून द्यायची. पुढच्या प्रत्येक ओळीची लांबी, एकक आणि शेवटची खूण तपासायची. मांडणीत न बसणारी ओळ सरळ फेकायची. पुढची ओळ क्षणात येणारच असते, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

दुसरा सापळा शिळ्या आकड्यांचा. स्क्रिप्ट पावती छापण्यात गुंतलेली असताना काट्याच्या ओळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या बफरमध्ये साठत राहतात. पुढच्या शेतकऱ्याचा कॅन ठेवला जातो, स्क्रिप्ट एक ओळ उचलते, आणि ती असते आधीच्या माणसाच्या वजनाची! उपाय एका ओळीचा आहे. वाचण्याआधी बफर रिकामा करायचा. मात्र त्यानंतरची पहिली ओळ पुन्हा तुटलेली असू शकते, हे विसरून चालत नाही. दूध हिंदकळत असताना आकडाही हलतो. बरेच काटे ‘स्थिर’ किंवा ‘अस्थिर’ अशी खूण ओळीतच पाठवतात. ती नसेल तर लागोपाठ तीन-चार सारखे आकडे आल्यावरच नोंद करणं शहाणपणाचं.

काट्याकडे मजकूर पाठवणं त्यामानाने सोपं. पायथनमध्ये साधा मजकूर चालत नाही, तो आधी बाइटमध्ये बदलावा लागतो. काही काटे विचारल्याशिवाय वजन सांगतच नाहीत. त्यांना ठरलेलं अक्षर पाठवावं लागतं. ते अक्षर कोणतं, हे मॅन्युअलमध्येच सापडतं, अंदाजाने नाही. कारण अनेक काट्यांमध्ये वजन शून्य करण्याची आज्ञाही याच वायरवरून जाते. भरलेला कॅन काट्यावर असताना ती गेली, तर काटाच शून्य दाखवतो. मग कम्प्युटरवरचा आकडा पडताळायला समोर काहीच उरत नाही.