कान लावण्याचा परवाना

१७ फेब्रुवारी २०२५ला पहाटे पाच वाजून छत्तीस मिनिटांनी आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरातली मांडणी खणखणली. भूकंप आकड्याने लहानच, ४ रिश्टरचा. पण केंद्र धौला कुआँपाशी, जमिनीखाली जेमतेम पाच किलोमीटरवर, त्यामुळे गल्लीत ट्रक शिरावा तसा घरघराट झाला. पाच मिनिटांत सगळी सोसायटी शाली पांघरून खाली. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, ‘तुम्हारे यहाँ भी आया?’ कुठे काही पडलंय का, अग्निशमनच्या गाड्या निघाल्या का, हे एकालाही सांगता येईना.

दुपारी न्यू जर्सीहून मेहुण्याचा फोन. ‘भावोजी, तुमच्याकडे स्कॅनर नाही?’ त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक डबडं सदैव पुटपुटत असतं. गावातला बंब, रुग्णवाहिका, पोलिस यांचे वायरलेसवरचे संवाद ते एकामागून एक चाळत राहतं आणि जिथे कुणी बोलतंय तिथे थांबतं. भाजी चिरता चिरता त्याला कळतं की पलीकडच्या रस्त्यावर झाड पडलंय. मला हेवा वाटला.

रविवारी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात गेलो. डिश, वायरी, सोल्डरची रिळं आणि जुन्या ॲम्प्लिफायरांच्या ढिगातून वाट काढत एका दुकानदाराला स्कॅनर मागितला. ‘काग़ज़ वाला?’ मी म्हटलं, वायरलेसवाला, पोलिस वगैरे ऐकायचा. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘लाइसेंस है, भाई साहब?’

प्रश्न नेमका होता. आपल्याकडे १९३३च्या कायद्याने वायरलेसचं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. १८८५च्या तार कायद्याचा धाक होताच. २०२३च्या दूरसंचार कायद्यात संदेश बेकायदा टिपल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. २०१८पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना परवान्यातून सूट आहे, पण ती फार तर लग्नाच्या मांडवात केटररला हाक मारण्यापुरती. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या, त्याही वॉकीटॉकी परवान्याचा उल्लेख न करता विकल्या जात होत्या म्हणून. मेहुण्याला हे सांगितलं तर त्याला थट्टा वाटली. हवेतून माझ्या घरात आलेली लहर ऐकायला सरकारची परवानगी? मला ती थट्टा वाटली नाही. अपघातात सापडलेल्या कुणाचा पत्ता, कुणाच्या आत्महत्येची वर्दी माझ्या स्वयंपाकघरात का वाजावी? कायदा केला त्यांच्या मनात अर्थात हे नव्हतं. १८८५च्या साहेबाला माझ्या शेजाऱ्याच्या खासगीपणाची काय पडली होती!

शिवाय यंत्र मिळालं असतं तरी हाती खरखरच आली असती. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत टेट्रा पद्धतीचं वायरलेस जाळं उभं राहिलं. त्यात आवाजाचे आधी आकडे होतात, ते तुकड्यातुकड्यांनी जातात आणि वर कुलूपही घालता येतं. साध्या स्कॅनरला तिथे मधमाश्या घोंगावल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, बस. मेहुण्याच्या देशातही वारं तिकडेच आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३पासून आपल्या वाहिन्यांना अशीच कुलपं घालायला सुरुवात केली.

मग नोएडाचे काका भेटले. हवाई दलात वायरलेसवर आयुष्य काढलेले, निवृत्तीनंतर हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. ते म्हणाले, ‘अरे, दुसऱ्याच्या दाराला कान कशाला लावतोस? परवाना काढ आणि आपल्या ओसरीवर ये.’ अभ्यास सुरू झाला. खालच्या पायरीची, म्हणजे रिस्ट्रिक्टेड परवान्याची परीक्षा देणाऱ्याला मोर्स येण्याची गरज नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे कपॅसिटर आणि कॉइल यांच्यातली देवाणघेवाण मला उधार-उसनवारीच्या भाषेतच समजली. नियमांत एक कलम काकांनी पाठ करून घेतलं: आपल्यासाठी नसलेला संदेश चुकून कानी पडला तर तो कुणाला सांगायचा नाही, लिहून ठेवायचा नाही. दक्षिण दिल्लीत घिटोरनीला केंद्र सरकारचं वायरलेस मॉनिटरिंगचं केंद्र आहे. कोण कुठल्या लहरीवर बोलतंय यावर तिथून पहारा असतो. मला हवा होता तो स्कॅनर त्या आवारात आहे तर, असं मनात येऊन गेलं.

अर्ज, पोलिसांची चौकशी, वाट पाहणं. काही महिन्यांनी व्हीयू-३ने सुरू होणारं माझं बोलावण्याचं नाव, म्हणजे कॉलसाइन, हाती आलं. परवाना दाखवून एक चिनी हँडी, म्हणजे हातात मावणारा वायरलेस संच, घेतली.

प्रोग्रामिंग हे मुख्यतः निवडीचं काम आहे, तांत्रिक नंतर. हँडी शंभरावर वाहिन्या लक्षात ठेवते, पण चाळते सेकंदाला दोन-तीनच. साठ भरल्या तर फेरी पुरी व्हायला वीस-तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात कुणीतरी ‘हेल्प’ म्हणून गप्प झालेलं असतं. म्हणून काकांचा नियम: दहापेक्षा जास्त नकोत. आपल्याला मोकळा असलेला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि दुसरा ४३४ ते ४३८. त्यात परिसरातले रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पकडून पुन्हा दूरवर पसरवणारी यंत्रं, आणि थेट बोलायच्या दोन-तीन जागा. चाळताना थांबायचं कसं, हेही ठरवावं लागतं. आवाज लागला की काही सेकंद थांबून पुढे, आवाज असेतो थांबून पुढे, किंवा लागला तिथेच मुक्काम. मी मधला प्रकार घेतला. हँडीच्या चिमुकल्या बटणांवर हे भरणं म्हणजे शिक्षा, म्हणून संगणकावर चर्प नावाचा मोफत प्रोग्राम आणि एक केबल. केबलच्या शेंड्यातली चिप नकली निघाली, तिला ड्रायव्हर ओळखेचना, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

चर्पमध्ये एक रकाना आहे ‘स्किप’चा. तिथे खूण केली की वाहिनी यादीत राहते, पण चाळताना तिला वगळलं जातं. दुसरा ‘डुप्लेक्स’चा. तिथे ‘ऑफ’ लिहिलं की त्या जागेवर बोलण्याचं बटण मुकं होतं. जिथे अंगठा चुकून दाबला जाण्याची भीती, तिथे मी हे मुकं टाळं लावून टाकलं.

सराव आकाशातल्या स्थानकावर केला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी मंडळींसाठी रिपीटर आहे. खालून १४५.९९०वर बोलायचं, सोबत ६७ हर्ट्झचा टोन, म्हणजे रिपीटरचं दार उघडणारा सूर, आणि ऐकायचं ४३७.८००वर. पण ते स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी जशी चढी ऐकू येते, तशी त्याची लहरही चढलेली असते. त्यामुळे एक वाहिनी पुरत नाही, पाच भराव्या लागतात: .८१०, .८०५, .८००, .७९५, .७९०. क्षितिजावर उगवताना पहिली, डोक्यावर येताना मधली, मावळताना शेवटची. सगळा खेळ फार तर दहा मिनिटांचा. गच्चीवर हँडी डाव्या हातात, उजव्या हाताने एकेक पायरी उतरायची. तिसऱ्या फेरीत दुरून कुणाचा तरी अर्धा कॉलसाइन आला आणि विरला. अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

अँटेना घरीच केली. ७५ला १४५ने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. त्यातून थोडं छाटलं की पन्नास सेंटिमीटरच्या आसपास. एक पितळी सळई उभी, चार खाली तिरप्या. पहिली माकडांनी वाकवली, दुसरीवर पतंगाचा मांजा अडकला. सोसायटीचे सचिव ‘ये क्या लगाया है?’ म्हणत वर आले, तेव्हापासून परवान्याची प्रत गच्चीच्या दारामागे प्लास्टिकमध्ये टांगलेली आहे.

काका अधूनमधून भारती प्रसाद यांचं उदाहरण देतात. दिल्लीच्या या बाई २००४च्या डिसेंबरात अंदमानातून हौशी प्रसारण करायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. जगभरचे हॅम त्या दुर्मीळ जागेशी एकदा तरी बोलायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि हौसेसाठी नेलेला संच बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागला. त्या वेळी अंदमानात पोलिसांचं बोलणं चोरून ऐकणारा एखादा स्कॅनर असता, तर त्याच्या मालकाला फक्त वाईट बातमी लवकर कळली असती.

माझी पहिली हजेरी मात्र फसली. ठरल्या वेळी रिपीटरवर सगळे एकेक करून नाव सांगतात, एकमेकांना ‘ओएम’, म्हणजे ओल्ड मॅन, म्हणतात. मी सगळ्यांना स्वच्छ ऐकत होतो. बटण दाबून बोललो तर कुणी दखलच घेईना. दुसऱ्या दिवशीही तेच. काकांना हँडी दाखवली. टोनचा आकडा मी बरोबर भरला होता, पण त्याच्या शेजारचा रकाना रिकामा ठेवला होता, त्यामुळे टोन बाहेर जातच नव्हता आणि रिपीटर माझ्यासाठी दार उघडत नव्हता. दोन दिवस मी मेहुण्याच्या फ्रिजवरचा स्कॅनरच होतो.

तिसऱ्या संध्याकाळी ओट्यापाशी उभा राहून कॉलसाइन सांगितला. क्षणभर खरखर. मग गुरुग्रामकडून कुणीतरी म्हणालं, ‘आवाज़ साफ़ है, ओएम. पीछे कुकर की तीन सीटियाँ भी आईं. गैस बंद कर दीजिए.’