नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो? खरा धोका वेगळाच आहे

'नागीण कमरेभोवती फिरली आणि तिची दोन्ही तोंडं जुळली, की माणूस वाचत नाही.' घरातल्या मोठ्यांच्या तोंडून हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. या भीतीपोटी आधी उतारा, मग लेप आणि शेवटी डॉक्टर असा प्रवास होतो. पण धोका तोंडं जुळण्यात नाही, वाया गेलेल्या दिवसांत आहे.

नागीण येते कुठून?

बाहेरून नाही, आपल्याच शरीरातून. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. कांजिण्या ज्या व्हॅरिसेला झोस्टर विषाणूमुळे होतात, त्याचाच हा दुसरा डाव. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि कवटीच्या तळाशी चेतापेशींचे छोटे पुंजके असतात. तिथे तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. इंग्लंडमधले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली ही मांडणी केली होती.

वय वाढलं किंवा आजारपण, औषधं यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो.

पट्टा एकाच बाजूला का उठतो?

जागा झालेला विषाणू चेतातंतूंवरून प्रवास करत त्वचेपर्यंत येतो. मणक्यातून निघणारी प्रत्येक चेता शरीराच्या एकाच बाजूचा ठरावीक पट्टा सांभाळते. म्हणून फोड त्याच पट्ट्यात उठतात आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात. तोंडं सहसा जुळतच नाहीत ती यामुळे.

चेतेला सूज येत असल्याने फोडांच्या आधीच आग, ठणका किंवा मुंग्या जाणवतात. अनेकदा हे दुखणं स्नायूंचं किंवा छातीचं समजलं जातं.

मग घाबरायचं कशाला?

फोड साधारण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. पण चेतेला इजा झाली असेल, तर वेदना महिनोन् महिने राहू शकतात. काहींना अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही सोसत नाही. कपाळावर किंवा नाकावर नागीण उठली, तर दृष्टीला धोका असतो. कानाजवळच्या चेतेला संसर्ग झाला, तर अर्धा चेहरा लुळा पडतो. गायक जस्टिन बीबरला २०२२ मध्ये हाच त्रास झाला होता.

७२ तास का महत्त्वाचे?

असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर ही औषधं विषाणूची वाढ रोखतात. फोड उठल्यापासून ७२ तासांत ती सुरू झाली, तर सर्वाधिक फायदा होतो. म्हणून एका बाजूला आग आणि फोड दिसले, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोळ्याजवळ असतील, तर अजिबात थांबू नका.

घरात इतरांना होते का?

नागिणीपासून थेट नागीण होत नाही. पण ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा त्यांची लस मिळालेली नाही, त्यांना फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे फोड झाकून ठेवा आणि खपली धरेपर्यंत तान्ह्या बाळांपासून, गरोदर महिलांपासून दूर राहा.

पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसची लस भारतात २०२३ पासून मिळते. ती घ्यावी का, हे आई-बाबांच्या पुढच्या तपासणीत डॉक्टरांना जरूर विचारा.