गणवेशाचा नियम आणि गरिबाचे लेकरू

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की घराघरांतून एकच लगबग सुरू होते. वह्या, पुस्तके, दप्तर आणि त्यांच्या जोडीला गणवेश. आईबाप पोटाला चिमटा घेऊन लेकरासाठी नवे कपडे शिवून घेतात. ज्यांना ते जमत नाही ते थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढवितात. गणवेश ही दिसावयास लहान बाब. परंतु त्याचा नियम कोणी करावा, तो कसा पाळून घ्यावा आणि मोडल्यास जाब कोणाला विचारावा, या प्रश्नांवर अनेक गरीब लेकरांचे शाळेतील सुखदुःख अवलंबून असते. म्हणून आज आम्ही या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. उदाहरणे आम्ही मुख्यतः इंदूर व मध्य प्रदेशातील घेतली आहेत. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि तेथे जे घडले त्यापासून आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांनाही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

गणवेशाचा उगम कसा झाला, हे प्रथम ध्यानात घेऊ. १५५२ साली लंडन शहरात ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’ नावाची शाळा निघाली. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हे. अनाथ व निराधार मुलांना आसरा आणि शिक्षण देणारी ती संस्था होती. तेथील मुलांना लांब निळे अंगरखे दिले जात. शालेय गणवेशाच्या फार जुन्या उदाहरणांपैकी हे एक होय. उघड्याला वस्त्र देणे हे दयेचे कृत्य आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे. गणवेशाचे मूळ नाते त्या कृत्याशी आहे. पुढे त्याला दुसरा हेतू येऊन मिळाला. सावकाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एका बाकावर बसले असता कपड्यांवरून ओळखू येऊ नयेत, हा तो हेतू. दोन्ही हेतू गरिबाच्या बाजूचे आहेत. तेव्हा ज्या नियमामुळे गरिबाचेच मूल वर्गात वेगळे उठून दिसते, तो नियम आपल्या मूळ हेतूलाच पारखा झाला असे म्हणावे लागेल.

आता इंदूरकडे वळू. स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर २०१७ सालापासून लागोपाठ अनेक वर्षे देशात पहिले आले. हे केवळ दंडाच्या धाकाने घडले काय? नाही. महानगरपालिकेने आधी घरोघरी कचऱ्याची गाडी पाठविली, ओला व सुका कचरा वेगळा कसा ठेवावा हे लोकांना शिकविले, आणि त्यासोबतच नियम मोडणाऱ्यांना दंड केला. सोय केली म्हणून सक्ती शोभली. शाळेच्या गणवेशालाही हाच न्याय लावला पाहिजे.

सोय करण्याचे काही प्रयत्न सरकारने केलेही आहेत. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला दोन गणवेशांसाठी ६०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. खासगी शाळांबाबत मध्य प्रदेशाने २०१७ साली कायदा केला आणि २०२० साली त्याखालील नियम. शाळेने गणवेश बदलला तर पुढील तीन सत्रे तोच चालू राहावा, आणि अमुकच दुकानातून खरेदी करा अशी सक्ती पालकांवर नसावी, असा त्यांचा आशय आहे. ज्या आईबापांनी दरवर्षी बदलणाऱ्या रंगापायी उसनवारी केली आहे, त्यांना या नियमाचे मोल सांगावयास नको.

परंतु ज्या शाळेत सोय नाही आणि सक्ती मात्र आहे, तेथे काय घडते? सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्याच्या एका खेड्यातील शाळेत पाचवीची एक आदिवासी मुलगी मळका गणवेश घालून आली. शिक्षकाने तो सर्वांदेखत अंगावरून उतरविण्यास लावला, स्वतः धुतला, आणि कपडे वाळेपर्यंत ते दहा वर्षांचे लेकरू अंतर्वस्त्रांनिशी बसून राहिले. पुढे त्या शिक्षकास निलंबित करण्यात आले. कपडे धुण्यात त्याचा हेतू स्वच्छतेचा असेलही. परंतु कपड्याचा मळ घालविताना त्याने मुलीची लाज घालविली, आणि ती साबणाने परत येत नाही. त्या घरी दुसरा गणवेश होता काय, पाणी किती लांबून आणावे लागे, हे आधी विचारले असते तर पुढचा सारा प्रसंग टळला असता.

नियम पाळून घेण्याच्या आवेशात मुलाच्या देहाची मर्यादा विसरली जाते, याचे आणखी एक उदाहरण इंदुरातलेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका सरकारी कन्याशाळेत मोबाईल शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून झडती घेतल्याची तक्रार झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेले. तो नियम मोबाईलचा होता, गणवेशाचा नव्हे. तथापि बोध एकच. नियम कोणताही असो, त्याचा हात मुलाच्या अंगापर्यंत पोहोचता कामा नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सारखीच मनाई करते. प्रार्थनेच्या वेळी रांगेतून बाहेर काढून सर्वांपुढे उभे करणे, हाही छळच नव्हे काय?

नियम करावयाचा तो कसा? फेब्रुवारी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री इंदरसिंह परमार यांनी शाळांत वेशसंहिता लागू करण्याचे सूतोवाच केले. लगेच गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी असा काही प्रस्तावच नसल्याचे सांगितले. अशा घोषणांनी आईबापांच्या मनात केवळ धास्ती उत्पन्न होते. महाराष्ट्राने २०२४-२५ साली ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबविली. कापड एका ठिकाणाहून, शिलाई बचतगटांकडून. सत्र सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. जे पोहोचले त्यांतील पुष्कळ अंगाला बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. मुलाच्या अंगाचे माप मंत्रालयात बसून घेता येत नाही, ते गावातच घ्यावे लागते. सरकारी शाळेच्या या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. मायबापहो, ही जागा तुमची आहे. ती रिकामी ठेवू नका.

पोशाखात धर्माची खूण आली की प्रश्न अधिक नाजूक होतो. कर्नाटकातील हिजाबच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे १३ ऑक्टोबर २०२२ रोजी एकमत झाले नाही. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी गणवेशातील समानतेवर भर दिला, तर न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी मुलीचे शिक्षण थांबता कामा नये यावर. आपल्या मुलींच्या गळ्यातही क्रूस असतो, मरियामातेचे पदक असते. म्हणून शेजारच्या मुलीच्या डोक्यावरील वस्त्राचा विचार करताना आपण परक्याच्या घरचा तंटा म्हणून दूर उभे राहू नये. शिस्त आणि श्रद्धा यांचा मेळ चर्चेने घालता येतो. शाळेचे फाटक बंद करून तो घातला जात नाही.

कोणी म्हणेल, “इतकी सवलत दिली तर शिस्त उरणार कशी?” आम्ही शिस्तीच्या विरुद्ध नाही. स्वच्छ धुतलेले कपडे, विंचरलेले केस, लावलेली गुंडी ही घरच्या संस्काराची खूण आहे, आणि आळसाने मूल गबाळे पाठविणाऱ्या आईबापांना आम्ही दोष देऊच. परंतु चूक आईबापांची असेल तर चिठ्ठी आईबापांना जावी. गणवेश नाही म्हणून मुलाला घरी धाडले तर त्या दिवसाचा धडा कायमचा बुडतो. श्रावणातल्या झडीत ज्याच्याजवळ एकच जोड आहे, त्याने ओला सदरा घालून यावे काय?

उपाय कठीण नाहीत. शिक्षकाने मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारावे. शाळेच्या कपाटात पाच-सहा धुतलेले गणवेश ठेवावेत. ज्यांची मुले वाढली त्यांनी तोकडे झालेले कपडे धुऊन, गुंड्या लावून, गाजावाजा न करता पुढच्या घरी द्यावेत. आपल्या महिला मंडळांनी मे महिन्यातच हे काम अंगावर घ्यावे.

गावचा शिंपी मुलाचे कपडे बेतताना शिवणीत थोडी माया ठेवतो. मूल वाढले की ती उसवून कपडा सैल करता येतो. माया नसलेला कपडा पहिल्याच वर्षी फाटतो. शाळेचा नियम बेतणाऱ्यांनीही त्या शिंप्याप्रमाणे शिवणीत थोडी माया ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.