न विझणारा बंब

आपल्याकडचा न्हाणीघरांतला बंब हा मोठा समंजस प्राणी होता. ढलप्या संपल्या, निखारे विझले, कीं तो आपोआप थंड होई. त्याला 'आतां पुरे' असें सांगावें लागत नसे. विलायतेंतील घरांच्या भिंतीवरचा गॅसचा बॉयलर मात्र सांगितल्यावांचून पेटत नाहीं आणि सांगितल्यावांचून विझतहि नाहीं. सांगणारा व ऐकणारा यांच्यामध्यें कोठें घोटाळा झाला म्हणजे काय होतें, हें आम्हीं गेल्या हिंवाळ्यांत प्रत्यक्ष पाहिलें. आमच्या अनेक वाचकांचीं मुलें-सुना त्या देशांत संसार करीत आहेत व वडील मंडळी त्यांच्याकडे जाऊन राहतात. म्हणून ती हकीकत येथें देतों.

आमचा पुतण्या लंडनच्या एका उपनगरांत राहतो. डिसेंबरांत वहिनी त्याच्याकडे होत्या व आम्हीहि आठ दिवसांचे पाहुणे होतों. बाहेर हिम पडलेलें, आणि घरांत रात्रीं दोन वाजतां पांघरूण फेकावें असा उकाडा! रेडिएटरला हात लाववेना. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची खूण १९ अंशांवर, आणि खोलींतला पारा २७ अंशांवर. सकाळीं सूनबाई पुतण्यास हलकेंच म्हणाली, "आईंना थंडी सोसत नाहीं. रात्रीं त्यांनींच बटण फिरवलं असेल." शब्द वहिनींच्या कानीं गेले. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवसापासून त्या भिंतीजवळून जातांना हात पदराखालीं घेऊन जाऊं लागल्या. तें पाहून आम्हांस राहवेना.

थर्मोस्टॅट थेट बॉयलरला हुकूम देतो, अशी आमची समजूत होती. तसें सर्वत्र नसतें. गरम पाण्याची निराळी टाकी असलेल्या बहुतेक घरांत हा हुकूम एकत्र कुटुंबांतल्या निरोपासारखा हातोहात जातो. थर्मोस्टॅट सांगतो विजेच्या झडपेला. झडपेची मोटार पाण्याची वाट उघडते. वाट पुरती उघडली कीं झडपेंतलीच एक चिमुकली कळ दाबली जाते, आणि ती बॉयलरला 'पेट' म्हणून सांगते. खोली उबली कीं मोटारीची वीज तुटते, स्प्रिंग झडप मिटवते, कळ सुटते आणि बॉयलर विझतो. मधला निरोप्याच अडून बसला, तर पुढच्याला कांहींच कळत नाहीं.

तेव्हां शोध क्रमानें करावा. बॉयलर विझल्यावर पंप कांहीं मिनिटें फिरत राहतो; आंतली उष्णता वाहून नेण्यासाठीं ती योजनाच असते. कडक थंडींत नळ गोठूं नयेत म्हणून कांहीं बॉयलर आपण होऊन पेटतात; तोहि दोष नव्हे. नंतर थर्मोस्टॅट अगदीं खालीं आणावा व थोडा वेळ थांबावें. बॉयलर विझला, तर थर्मोस्टॅट वाऱ्याच्या झोतांत बसविला आहे काय, हें पाहावें. न विझल्यास वेळेच्या यंत्रावर खोल्यांची ऊब व नळाचें पाणी अशीं दोन्हीं कामें एकामागून एक बंद करावीं. आम्हीं दोन्हीं बंद केलीं, तरी बॉयलर जळतच होता! झडपेच्या बाजूची दांडी मिटलेल्या स्थितींत ढकलतांना जोर लागतो. आमची दांडी मात्र सैल लोंबत होती. झडप उघडीच अडकली होती, हें उघड झालें.

येथें आम्ही थांबलों, आणि गृहस्थानें येथेंच थांबावें. बॉयलरशेजारच्या विजेच्या कळीनें तो रात्रीपुरता बंद केला. गोठवणाऱ्या थंडींत मात्र तो दिवसेंदिवस बंद ठेवूं नये, नळ फुटतात. बॉयलरला स्वतःची उष्णतामर्यादा असल्यामुळें स्फोटाची भीति सहसा नसते. खरा नाश होतो तो गॅसच्या पैशांचा व झोंपेचा. ब्रिटनमध्यें गॅसचें काम करणाराचें नांव 'गॅस सेफ रजिस्टर'मध्यें असावें लागतें. २००९ पासून ही नोंदवही चालू आहे. गॅसचा वास आलाच, तर विजेच्या कोणत्याहि बटणास हात न लावतां मीटरजवळची तोटी बंद करावी, खिडक्या उघडाव्या व बाहेर पडावें. कार्बन मोनॉक्साइडला वासहि नसतो. त्यासाठीं इशारा देणारी घंटा घरांत हवीच.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्यानें मोटारीची वीज तपासली; ती बंद होती. दांते अडकल्यामुळें स्प्रिंगला झडप मिटवतां येत नव्हती. झडपेचें वरचें डोकें त्यानें बदललें. नळांतलें पाणी काढावें लागलें नाहीं. अर्ध्या तासांत बॉयलर निमूटपणें विझला.

यंत्र बिघडलें कीं आपणांस प्रथम आठवतो तो घरांतल्या माणसाचा हात, आणि त्यांतहि जें माणूस उलट बोलत नाहीं त्याचा. संध्याकाळीं सूनबाईनें चहा पुढें ठेवला आणि म्हणाली, "आई, माझं चुकलं." वहिनी हंसल्या. "अगं, मधल्यानं निरोपच दिला नाहीं, त्याला तूं काय करशील?" मग त्या उठल्या, भिंतीजवळ गेल्या, आणि सर्वांच्या देखत त्यांनीं थर्मोस्टॅट स्वतःच्या हातानें २० वर आणून ठेवला.