सर्व्हर स्वस्त, रस्ता महाग!

फेस्ट संपलाय. आफ्टरमूव्ही एडिट झालीये, फाईल चांगली २ जीबीची आहे. यूट्यूबवर क्वालिटी जाते म्हणून कुणीतरी म्हणतं, 'आपल्याच साईटवर टाकू या ना, डाऊनलोड लिंक देऊ.' टेक टीममध्ये तुम्ही असाल तर होस्टिंगला कार्डही बहुतेक तुमचंच (म्हणजे बाबांचं!) जोडलेलं असणार. लिंक ग्रुपवर टाकण्याआधी जरा गणित करू या.

५०० जणांनी फाईल उतरवली, तर १००० जीबी डेटा सर्व्हरमधून बाहेर गेला. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे प्रत्येक जीबीला साधारण ११ सेंट. ९०० जीबीचे झाले ९९ डॉलर. म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर, जीएसटी वेगळा. आणि यात सर्व्हरचं भाडं धरलेलंच नाही, हा नुसता रस्त्याचा टोल.

आता तीच फाईल डिजिटलओशनच्या चार डॉलरवाल्या सर्व्हरवर ठेवा. ५०० जीबी भाड्यातच येतात, वरच्या प्रत्येक जीबीला एक सेंट. चार अधिक पाच, एकूण नऊ डॉलर. फाईल तीच, डाऊनलोड करणारी मुलंही तीच.

एवढा फरक कसा? डेटा आत आणताना बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, टोलनाका असतो तो बाहेर पडताना. गंमत म्हणजे या कंपन्या स्वतः मोठ्या नेटवर्ककडून लाईन घेतात ती सहसा जीबीवर नाही, तर वेगावर, एमबीपीएसच्या हिशेबाने. शिवाय दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणी करून तोही खर्च कमी करतात. त्यामुळे जीबीमागचा दर हा बराचसा धंद्याचा निर्णय असतो. २०२४ मध्ये आधी गूगलने आणि मग एडब्ल्यूएसने एक सवलत दिली, पण ती सगळा डेटा घेऊन कायमचं निघून जाणाऱ्यांना. रोजच्या वाहतुकीला टोल आहेच.

पत्त्याचंही भाडं असतं बरं का! आयपीव्ही४ पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटीच, म्हणून त्यांची टंचाई. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट लावते. महिन्याला ३.६० डॉलर. सर्व्हर बंद केलात, पण राखून ठेवलेला आयपी सोडायला विसरलात, तरी मीटर चालूच! आयपीव्ही६ फुकट मिळतो, पण नुसत्या त्याच्यावर राहिलात तर आयपीव्ही६ नसलेल्या वायफायवर साईट उघडणारच नाही.

तेव्हा होस्टिंग घेताना सर्व्हरच्या रेटखाली स्क्रोल करा आणि 'डेटा ट्रान्सफर आऊट' ही ओळ शोधा. बजेट अलर्टही लावा, पण त्याने फक्त मेल येतो, सर्व्हर आपोआप थांबत नाही. आणि आफ्टरमूव्ही? ती ड्राईव्हवर टाका, साईटवर नुसती लिंक द्या.