चंद्रावरचा झेंडा आणि मेम्फिसचा सफाई कामगार

४ एप्रिल १९६८ हा दिवस अमेरिकेच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला गेला आहे. त्या दिवशी सकाळी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून सॅटर्न-५ या महाकाय अग्निबाणाने अपोलो-६ हे मानवविरहित यान घेऊन उड्डाण केले. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अग्निबाणाची ती दुसरी चाचणी होती. त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मेम्फिस शहरात एका मोटेलच्या सज्जात उभे असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या करण्यात आली.

किंग मेम्फिसला कशासाठी गेले होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवले पाहिजे. ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात बसले आणि कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातील फलकांवर 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले होते. ज्या देशाने चंद्रापर्यंत पोचणारे यंत्र बनवले, त्या देशात कचरा उचलणाऱ्या माणसाला आपण माणूस आहोत हे फलक धरून सांगावे लागत होते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या बापजाद्यांना हेच सांगायला उभे केले होते.

त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. देश इतका दुभंगलेला होता की जूनमध्ये रॉबर्ट केनेडी या उमेदवाराचाही खून झाला आणि ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी युद्धविरोधी तरुणांची डोकी फोडली. रिंगणात तिघे उरले. रिचर्ड निक्सन 'कायदा आणि सुव्यवस्था' असा घोष करीत होते. ह्यूबर्ट हम्फ्री यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा संमत व्हावा म्हणून मेहनत घेतली होती, पण व्हिएतनाम युद्धाचे ओझे त्यांच्या खांद्यावर होते. आणि तिसरे अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. काळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात शिरू द्यायचे नाही म्हणून १९६३ साली दारात आडवा उभा राहिलेला हाच तो माणूस.

निकाल लागला तेव्हा निक्सन आणि हम्फ्री यांच्यात फक्त सुमारे पाच लाख मतांचे अंतर होते. वॉलेस यांना मात्र जवळजवळ ९९ लाख मते मिळाली आणि दक्षिणेतील पाच राज्ये त्यांनी जिंकली. ही सगळी मते दक्षिणेच्या जमीनदारांची नव्हती. उत्तरेतील कारखान्यांत राबणाऱ्या गोऱ्या कामगारांनीही त्यांना मते दिली. ज्याचा पगार अपुरा होता त्याला पगाराविषयी कुणी बोलू दिले नाही. काळा माणूस तुझ्या वस्तीत राहायला येईल, तुझ्या मुलाच्या शाळेत बसेल, एवढी भीती त्याला पुरवण्यात आली. 'कायदा आणि सुव्यवस्था' हे शब्द दिसायला सोज्वळ होते, पण कुणाला आवरायचे आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळत होते. आपल्याकडील निवडणुकांत हा खेळ आपण किती वेळा पाहिला आहे? भाकरीचा प्रश्न विचारणाऱ्याला शेजाऱ्याची भीती दाखवायची, ही रीत साऱ्या जगात एकच आहे.

आता चंद्राकडे येऊ. सॅटर्न-५ अग्निबाणाची आखणी कुठे झाली? वॉलेस यांच्या अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे. अलाबामाची बदनामी इतकी झाली होती की तेथे चांगले अभियंते यायला तयार होत नाहीत, अशी तक्रार नासाच्या प्रमुखांना करावी लागली. आणि तेथील केंद्राचा प्रमुख कोण? वेर्नर फॉन ब्राउन. हिटलरसाठी व्ही-२ हे अस्त्र बनवणारा, जे अस्त्र डोरा छळछावणीतील गुलाम कैद्यांकडून तयार करून घेतले गेले आणि त्या कामात हजारो कैदी मेले. म्हणजे ज्ञान आपोआप माणुसकी आणत नाही. ते कोणाच्या हाती आहे, यावर सगळे अवलंबून असते. आपल्या देशात हजारो वर्षे ज्ञान कोणाच्या हाती होते आणि त्याचे काय केले गेले, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

गुणवत्तेची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे, कारण आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याला नेहमी गुणवत्तेचे डोस पाजले जातात. अमेरिकेने पहिले अंतराळवीर निवडताना लष्करातील चाचणी वैमानिक असण्याची अट घातली. अट वरून निर्भेळ होती. परंतु काळ्या माणसाला लष्करात चाचणी वैमानिक होऊच दिले जात नसेल, तर ही अट म्हणजे दारावरचे कुलूपच नव्हे काय? केनेडींच्या काळात एड ड्वाइट या काळ्या वैमानिकाला त्या प्रशिक्षणात घेण्यात आले. ऑक्टोबर १९६३ मध्ये नासाने चौदा नव्या अंतराळवीरांची नावे जाहीर केली, त्यांत त्याचे नाव नव्हते. पुढे तो नोकरी सोडून शिल्पकार झाला. अखेर मे २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी एका खासगी कंपनीच्या यानातून तो काही मिनिटांसाठी अवकाशात जाऊन आला. त्याआधी ऑगस्ट १९८३ मध्ये गायन ब्लूफोर्ड हा अवकाशात जाणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. चंद्रावर १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे उतरली. बाराही गोरे पुरुष. आणि ज्या काळ्या स्त्रियांनी नासासाठी उड्डाणांची गणिते केली, त्यांच्यापैकी कॅथरिन जॉन्सन यांचे नाव जगाला कळायला अर्धे शतक जावे लागले.

१५ जुलै १९६९, अपोलो-११ च्या उड्डाणाचा आदला दिवस. किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनाथी काहीशे गरीब माणसे आणि खेचरांची गाडी घेऊन केनेडी केंद्राजवळ मोर्चाने आले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला उघड्या मैदानात बाहेर आले. ॲबरनाथींनी सांगितले की, देशातील एक पंचमांश लोकांना पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी नाही, हा पैसा त्यांच्यासाठी वापरला पाहिजे. पेन यांचे उत्तर असे होते की, उद्या कळ न दाबल्याने देशाची गरिबी मिटणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही. पेन यांनी त्यांच्यातील काही कुटुंबांना उड्डाण पाहायला बोलावले, अंतराळवीरांसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली आणि ॲबरनाथींनी ती मान्य केली. पेन यांचे उत्तर चतुर होते खरे. पण ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. का, ते पुढे सांगतो.

त्या वेळी मी तिसरीत होतो. आमच्या गावात पंचायतीच्या रेडिओवर माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी ऐकली आणि धावत महारवाड्यात येऊन आजीला सांगितली. ती शेळीला पाला टाकत होती. तिने विचारले, "तिथं हिर हाय का रं? असली तर आपल्याला भरू देत्यात का?" मी तेव्हा हसलो होतो. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता आणि आमचा पाणवठा उन्हाळ्यात आटायचा. आजीने अडाणीपणाने विचारलेला तो प्रश्न जगातल्या कोणत्याही अवकाश संस्थेला विचारावा असा होता, हे पुष्कळ उशिरा कळले.

आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते दर उड्डाणानंतर म्हणतात, पोटाला भाकर नाही आणि यान कशाला? त्यांची चीड मला समजते. तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. पुढे काय झाले ते पाहा. निक्सन सत्तेवर आले आणि १९७० साली उरलेल्या चंद्रमोहिमांतील तीन रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतले आणि माणसाचे चंद्रावर जाणे थांबले. मग वाचलेला पैसा मेम्फिसच्या सफाई कामगाराच्या घरी गेला काय? अपोलो-१७ समुद्रात उतरले त्याच आठवड्यात अमेरिकेची विमाने हनोईवर बॉम्ब टाकत होती. १९७३ च्या आरंभी निक्सन यांनी दारिद्र्यनिर्मूलनाचे केंद्रीय कार्यालयच गुंडाळायला काढले. संपूर्ण अपोलो कार्यक्रमाला सुमारे २५ अब्ज डॉलर लागले, व्हिएतनाम युद्धाला शंभर अब्जांहून अधिक. चंद्र बंद झाला म्हणून गरिबाची चूल पेटली नाही. गरिबाचा घास अग्निबाणाने पळवला नव्हता. १९६८ च्या मतपेटीत ज्यांनी भीतीला मत दिले, त्या मतांनी तो पळवला होता.

म्हणून माझे मत असे आहे. विज्ञानाला विरोध करणे हा आपला मार्ग नाही. बुद्धाने परंपरा म्हणून काही मानू नका, तपासून पाहा असे शिकवले. बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना तो बुद्धीला पटणारा आहे, हे आवर्जून सांगितले. आकाशातील ग्रहांना घाबरवून पोट भरणाऱ्यांचा धंदा मोडायचा असेल तर त्या ग्रहांवर यान उतरलेच पाहिजे. परंतु यान उतरले म्हणून देश महान झाला असा ढोल वाजवणाऱ्यांच्या मिरवणुकीतही मी जाणार नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. मलाही आनंद झाला, तो मी लपवत नाही. सुमारे दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश द्यावा लागला. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झालेले असताना! चंद्रावर फिरणारी गाडी बनवणाऱ्या देशाला गटारात उतरणारे यंत्र प्रत्येक नगरपालिकेत पोचवता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. अडचण तंत्राची नाही, जातीची आहे. एका जातीचा माणूस स्वस्तात मरायला मिळतो तोवर यंत्राची गरज कुणाला भासणार? राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता, तो हाच.

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे अभिनंदनच आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत आरक्षण नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे दार तेच आहे, जे एड ड्वाइटसमोर होते. ते बाहेर उभे राहून शिव्या दिल्याने उघडणार नाही. आपल्या विहारांत पोलीस भरतीचे वर्ग चालतात, चांगली गोष्ट आहे. त्याच विहारांत गणित-विज्ञानाचे आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेचे वर्ग का नसावेत? तेथे आता मुलींनाही प्रवेश आहे. गावोगावच्या जयंती मंडळांनी ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवरचा खर्च निम्मा केला तरी एकेका तालुक्यात एक वर्ग उभा राहील.

आणि निवडणूक आली की दारात येणाऱ्या उमेदवाराला, तो कोणत्याही झेंड्याचा असो, शेजाऱ्याविषयी बोलू देऊ नका. त्याला विचारा, आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे काय? शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही? गटार साफ करायला यंत्र कधी येणार? याचे उत्तर जो देत नाही, तो उद्या चंद्रावर झेंडा लावून आला तरी त्याला आपले मत देऊ नका.

माझी आजी १९७८ साली गेली. आज गावात नळ आला आहे आणि तो आमच्या वस्तीतही आहे, तो कुणाच्या दयेने आलेला नाही, लढून आलेला आहे. उद्या चंद्रावर माणूस राहायला गेला तर तिथल्या पाण्यावरही आमचा हक्क तितकाच असेल. तो मिळवण्यासाठी लागणारे शिक्षण आणि मत या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी आपल्या हाती देऊन ठेवल्या आहेत. जयभीम.